तितराचं रक्त चाटवलं की पिल्लू शिकारी होतं?

‘पिल्लाला तितराचं रक्त चाटवा, नाक तिखट होतं.’ लातूर-नांदेडकडे पश्मी किंवा कारवान जातीची शिकारी कुत्री पाळणाऱ्यांकडून हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. जाणती माणसंही सांगतात, म्हणून खरं वाटतं.

पण वासाची जाण पिल्लू जन्मतःच घेऊन येतं. ती पोटात गेलेल्या रक्तानं वाढत नाही, सरावानं वाढते. उलट कच्च्या रक्तामांसातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि पश्मी-कारवान तर मुळात नजरेवर धावणारी जात!

परदेशात पक्षी हुडकणारी कुत्री रानपक्ष्यांवर तयार करतात, तिथंही रक्ताचा संबंध नसतो. पिल्लू फार जवळ गेलं की पक्षी भुर्रकन उडतो. असं चार-सहादा फसलं की वास येताच ते लांबच थबकायला शिकतं. गुरू तो पक्षीच.

पडताळा घरीच घ्या. ज्वारी काढलेल्या रानात, पिल्लाच्या नकळत, धसकटाआड भाकरीचा तुकडा ठेवा. वारा तुकड्याकडून पिल्लाकडे येऊ द्या. रक्त कधीच न चाटलेलं पिल्लूही मान वर करून, नागमोडी फिरत तिथं पोचतं. जागा बदलून आठवडाभर करा, वेळ कमी होत जाईल.

तितर-लावरी मात्र पकडू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फासे लावणं, अंडी-घरटी मोडणं हेही शिकारीतच मोडतं.