कोरी फळी आणि चष्म्यातलं ड्रॉइंग: कारखान्यातल्या एआरची पार्श्वभूमी

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे एआर: समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाचं चित्र चढवणं. ते म्हटलं की बहुतेकांना मोबाइलवरचे खेळ आठवतात. शब्द मात्र जन्मला विमानाच्या कारखान्यात, आणि निमित्त होतं वायरींचं.

विमानातल्या वायरी सुट्या बसवत नाहीत. त्यांचे जुडगे, म्हणजे हार्नेस, आधी बाहेर तयार करतात. पूर्वी बोइंगमध्ये त्यासाठी मोठाल्या फळ्या असत. फळीवर त्या जुडग्याचं पूर्ण आकाराचं ड्रॉइंग चिकटवलेलं आणि वळणावळणावर खुंट्या. कामगार यादीत वायरीचा नंबर बघणार, ती वायर उचलणार, ड्रॉइंगवरच्या रेघेवरून खुंट्यांमधून ओढत नेणार आणि पुन्हा यादीकडे वळणार. हे शेकडो वेळा. त्यात प्रत्येक विमान कंपनीची मागणी वेगळी, त्यामुळे जुडगे वेगळे आणि फळ्याही वेगळ्या. त्या बनवायच्या, बदल झाला की दुरुस्त करायच्या, सांभाळून ठेवायच्या.

१९९०च्या सुमारास बोइंगमधल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी सुचवलं की फळी कोरीच ठेवू आणि ड्रॉइंग कामगाराच्या डोळ्यांसमोर आणू. पारदर्शक चष्म्यातून फळी दिसेल आणि तिच्यावर, नेमक्या जागी, आत्ता हातात असलेल्या वायरीचीच रेघ दिसेल. पुढची वायर घेतली की रेघ बदलेल. एकाच फळीवर सगळे जुडगे. १९९२मध्ये त्यांनी याबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला आणि ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ हे नाव रुळलं. मराठीत आपण त्याला संवर्धित वास्तव म्हणतो, पण बोलताना एआरच.

चष्म्याची कल्पना त्याहून जुनी. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६८मध्ये डोक्याला लावायचा पडदा करून दाखवला होता. डोकं कुठे वळलं ते कळावं म्हणून छताला टांगलेला यांत्रिक दांडा, आणि अर्धपारदर्शक आरशांतून खोलीवर उमटणाऱ्या साध्या रेघांच्या आकृत्या. त्यांच्यापुढे कारखाना नव्हता. बोइंगपुढे होता, म्हणून त्यांचा प्रश्न जास्त अवघड: रेघ नुसती दिसून भागणार नव्हतं, ती योग्य खुंटीवरच पडायला हवी होती.

एआरच्या फायद्या-तोट्यांची सगळी चर्चा माझ्या मते याच एका मुद्द्याभोवती फिरते. साधा हिशेब करा. डोकं किती वळलंय हे ओळखण्यात यंत्राची एका अंशाची चूक झाली, तर अर्ध्या मीटरवर चित्र जवळजवळ ९ मिलिमीटर सरकतं. दोन भोकांमधलं अंतर १० मिलिमीटर असेल तर बाण शेजारच्या भोकाकडे बोट दाखवतो, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. कागदावरचं ड्रॉइंग अस्पष्ट असलं तर माणूस थांबून विचारतो. चष्म्यातला हिरवा बाण बघून कोण कशाला विचारेल?

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बोइंगने ही कल्पना प्रत्यक्ष कारखान्यात अजमावली. फळीवर ठिपके लावून कॅमेऱ्याने जागा ओळखायची, असा उपाय होता. प्रयोगशाळेत चालणारी गोष्ट शॉप फ्लोअरवर नेताना किती बारीकसारीक अडचणी येतात, याची कबुली त्या गटाने १९९८मध्ये स्वतःच लिहून दिली. त्याच्या आदल्याच वर्षी संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी एआरची व्याख्या बांधली होती: खरं आणि आभासी एकत्र दिसावं, त्याच क्षणी प्रतिसाद मिळावा, आणि आभासी चित्र त्रिमितीत खऱ्या वस्तूवर नीट बसलेलं असावं. तिसरी अट आजही सर्वांत महाग पडते.

मग जर्मनीने हा विषय मनावर घेतला. सीमेन्सच्या नेतृत्वाखाली आणि सरकारी निधीवर १९९९ ते २००३ या काळात ‘आर्विका’ नावाचा प्रकल्प चालला. मोटार, विमान आणि यंत्रनिर्मितीतल्या कंपन्या त्यात होत्या. त्यातून दुकानात मिळेल असा चष्मा काही आला नाही, पण कुठल्या कामाला याचा उपयोग होतो आणि कुठे नुसता दिखावा होतो, हे इंजिनिअर मंडळींना कळू लागलं.

फायद्याचा नेमका पुरावा मिळाला तो लहान मुलांच्या ठोकळ्यांवर. आर्थर टँग आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये लोकांना ठोकळ्यांची रचना जोडायला दिली. कुणाला छापील पुस्तिका, कुणाला संगणकाच्या पडद्यावर सूचना, कुणाला थेट ठोकळ्यांवर बसलेल्या त्रिमित सूचना. शेवटच्या प्रकारात चुका ८२ टक्क्यांनी घटल्या. त्यातही एका चुकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी जी साखळी तयार होते, ती विशेष तुटली. जोडणीत पाचव्या पायरीची चूक विसाव्या पायरीला लक्षात आली की पंधरा पायऱ्या उलट्या उलगडाव्या लागतात, हे ज्याने केलंय त्याला या निष्कर्षाचं मोल वेगळं सांगायला नको. पण त्याच अभ्यासाने एक धोकाही नोंदवला: माणूस दाखवलेल्या जागेवरच खिळतो आणि आजूबाजूचं त्याच्या नजरेतून सुटतं. जिथे वर क्रेन फिरते आणि मागून फोर्कलिफ्ट येते, तिथे ही किरकोळ तक्रार नाही.

पुढे कोलंबिया विद्यापीठातल्या स्टीव्हन हेंडरसन आणि स्टीव्हन फायनर यांनी चिलखती वाहनाच्या बुरुजात काम करणाऱ्या लष्करी मेकॅनिकांवर प्रयोग केले. तिथे ‘कुठला भाग’ हे शोधण्याचा वेळ वाचला आणि मान इकडेतिकडे वळवणंही काही कामांत कमी झालं. भाग कुठला ते एकदा सापडल्यावर पाना फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. म्हणून रोज तोच एक भाग हजार वेळा जोडणाऱ्या लाइनवर एआर फारसं काही देत नाही, तिथलं ड्रॉइंग हातांत मुरलेलं असतं. फायदा होतो तो दर वेळी काम बदलतं तिथे, नव्या माणसाला, किंवा वर्षातून एकदाच उघडल्या जाणाऱ्या यंत्रावर.

२०१०नंतरच्या दशकात गंमत झाली. बोइंग पुन्हा त्याच वायरींकडे वळली, या वेळी गुगल ग्लास, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात छोटा पडदा असलेला चष्मा, घेऊन. तोवर फळीची यादी लॅपटॉपवरच्या पीडीएफमध्ये गेली होती. कामगार वायर खाली ठेवून कीबोर्डवर नंबर शोधायचा. ग्लासने ती यादी डोळ्याच्या कोपऱ्यात आणली, आवाजी हुकमावर पुढे सरकणारी. जुडगे बनवण्याचा वेळ २५ टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. कंपनीचाच दावा आहे, तेव्हा थोडा जपूनच वाचावा. पण लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. कोपऱ्यातली यादी कुठल्याच खुंटीवर ‘बसलेली’ नव्हती. अझुमांच्या व्याख्येने हे एआर नव्हेच! पंचवीस वर्षांपूर्वीचा अवघड भाग सोडून दिला आणि हात मोकळे ठेवण्याचा सोपा भाग तेवढा उचलला, तेव्हा काम झालं.

अवघड भागाला हात घातला तो मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सने. २०१६मध्ये पहिली आवृत्ती आली, २०१९मध्ये दुसरी. बाहेरच्या दांड्याशिवाय, ठिपक्यांशिवाय खोलीचा नकाशा स्वतः बनवणारा चष्मा ही मोठीच झेप होती. पण वजन साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे आणि बॅटरी दोन-तीन तासांची. शिफ्ट आठ तासांची असते. शिवाय या चष्म्यातल्या प्रतिमेचा फोकस साधारण २ मीटरवर स्थिर केलेला. वस्तू सव्वा मीटरच्या पलीकडे दाखवा, असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला. फिटरचे हात असतात अर्ध्या मीटरवर. डोळ्याने बोल्टवर लक्ष नेमलं की बाण धूसर, बाणावर नेमलं की बोल्ट धूसर. डोळ्यांना वळायला एका अंतराची आणि फोकस करायला दुसऱ्याच अंतराची आज्ञा मिळत राहते आणि तासाभरात कपाळ जड होतं. भरीला, पारदर्शक चष्मा प्रकाश फक्त वाढवू शकतो, काळा रंग दाखवू शकत नाही. झगझगीत उजेडात चित्र फिकं पडतं.

म्हणूनच चष्म्याचा हट्ट न धरणाऱ्यांचं बरं चाललं. एअरबसने विमानाच्या सांगाड्यातल्या ६०,००० ते ८०,००० ब्रॅकेटांच्या (वायरी, नळ्या वगैरे धरून ठेवणाऱ्या आधारांच्या) तपासणीसाठी टॅबलेट वापरला. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या सांगाड्यावर संगणकातलं मॉडेल चढवायचं आणि कुठला ब्रॅकेट राहिला किंवा चुकला ते बघायचं. तीन आठवड्यांची तपासणी तीन दिवसांवर आल्याचं एअरबसने सांगितलं. तपासणीत हात गुंतलेले नसतात, त्यामुळे टॅबलेट धरायला अडचण नाही. जोडणीच्या टेबलावर वरून प्रोजेक्टरने सूचना पाडणं हा तसाच बिनबोभाट मार्ग: डोक्यावर काही नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या सुपरवायझरलाही तेच दिसतं.

जाहिरातीत न येणारा खर्च सूचना बनवण्याचा. डिझाइन बदललं, ब्रॅकेट चार मिलिमीटर सरकला, तर कोणीतरी बसून चष्म्यातली पायरीही बदलावी लागते. हा माणूस अनेकदा नेमलेलाच नसतो. काही महिन्यांत चष्मा जुनं मॉडेल दाखवू लागतो, आणि एकदा चुकीचं दाखवलं की कामगार तो कायमचा कपाटात ठेवतात.

कपाटात जाण्याचं दुसरं कारण कॅमेरा. चष्म्याला जग दिसतं म्हणजे कामगार कुठे बघतो, किती वेळ थांबतो, हेही दिसतं. होलोलेन्स २ तर नजरसुद्धा टिपतो. जर्मनीत कामगारांच्या वागणुकीवर किंवा कामावर देखरेख करू शकणारी यंत्रणा आणायची तर कामगारांनीच निवडलेल्या कामगार परिषदेची संमती लागते, त्यामुळे तिथे हा प्रश्न यंत्र आणण्याआधीच टेबलावर येतो. इतरत्र तो कामगारांच्या कुजबुजीत राहतो.

आणि उपकरणांचं आयुष्य. कारखान्यातलं यंत्र वीस-तीस वर्षं चालतं. एआर हेल्मेट बनवणारी डॅक्री २०१९मध्ये बंद झाली. ग्लासची विक्री गुगलने मार्च २०२३मध्ये थांबवली. होलोलेन्स २चं उत्पादन संपल्याचं मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४मध्ये सांगितलं. त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या २०२७च्या अखेरपर्यंत मिळतील. ज्यांनी सगळ्या सूचना त्या एका चष्म्यासाठी बांधून घेतल्या, त्यांना त्या आता दुसरीकडे हलवाव्या लागणार आहेत. टॅबलेट आणि प्रोजेक्टरवाल्यांना एवढी धावपळ नाही.