चारशे ग्रॅम पोलाद विकत घेताना

हौसेने सुऱ्या घडवणाऱ्यांच्या व्हिडिओंतून एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: पोलाद महाग असते, म्हणून नवशिक्याने ते विकत घेऊ नये, भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा किंवा एखादी झिजलेली कानस उचलावी आणि कामाला लागावे. हा सल्ला अगदीच निराधार नाही, कारण आपल्याकडचे घिसाडी आणि लोहार कमानपाट्यांतून विळे, कोयते आणि कुऱ्हाडी घडवतातच. मात्र कोणत्या तुकड्याला पाणी कसे पाजायचे, म्हणजे तो तापवून आणि बुडवून कठीण कसा करायचा, हे त्यांच्या हाताला अनुभवाने ठाऊक असते, आणि नेमके तेवढेच नवशिक्याला ठाऊक नसते. ती माहिती नसेल तर फुकट मिळालेले पोलाद सर्वांत महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी साधा हिशेब करू. स्वयंपाकघरातील एका सुरीसाठी ३०० मिलिमीटर लांब, ४० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड पट्टी पुरते. तिचे घनफळ ४८ घन सेंटिमीटर आणि पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, म्हणजे वजन सुमारे ३७७ ग्रॅम भरते. चांगल्या हत्यारी पोलादाचा भाव किलोला ३०० रुपये धरला, तरी पट्टी ११३ रुपयांची झाली. घासण्याचे पट्टे, मुठीचे लाकूड आणि पितळी रिव्हेट यांचा खर्च सहज याच्या पुढे जातो. महाग असते ते पोलाद नव्हे, तर त्याचे थोडके प्रमाण, कारण व्यापाऱ्याला लांब पट्टीतून एवढासा तुकडा कापून देणे परवडत नाही.

तर मग नेमके काय मागायचे? याचे उत्तर पोलाद कठीण कसे होते यात दडलेले आहे, आणि हा भाग मला इतका आवडतो की त्यावर थोडे रेंगाळणार आहे.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक अणू बरोबर मध्यावर अशा जाळीत बसलेले असतात. या रूपाला फेराइट म्हणतात. सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेले पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर नेले की ही जाळी मोडते आणि अणू कोपऱ्यांवर व घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर जाऊन बसतात, हे ऑस्टेनाइट. यातील विसंगती मोठी मनोरंजक आहे. ऑस्टेनाइटमध्ये ७४ टक्के जागा अणूंनी व्यापलेली असते आणि फेराइटमध्ये ६८ टक्के, तरीही कार्बन सामावतो तो अधिक दाटीच्या ऑस्टेनाइटमध्येच. कारण ऑस्टेनाइटमधील रिकामी जागा मोजक्या पण मोठ्या पोकळ्यांत एकवटलेली असते, तर फेराइटमधील जागा असंख्य बारीक फटींत विखुरलेली असते आणि त्यांतील एकीतही कार्बनचा अणू नीट मावत नाही. परिणामी फेराइट फार तर ०.०२ टक्के कार्बन धरतो, आणि ऑस्टेनाइट पुरेसे तापल्यास दोन टक्क्यांपर्यंत.

आता हे तापलेले पोलाद सावकाश निवू दिले, तर गरम पाकात विरघळलेली साखर निवताना खडे धरते, तसा कार्बन जाळीतून बाहेर पडतो आणि लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइटचे पातळ थर तयार करतो. फेराइट आणि सिमेंटाइट यांच्या या एकाआड एक थरांना पर्लाइट म्हणतात, आणि त्याची धार टिकत नाही. परंतु थर जमायचे तर कार्बनच्या अणूंना जागोजाग सरकत जावे लागते आणि त्याला वेळ लागतो. तो वेळच दिला नाही, तर ऑस्टेनाइट तसेच खाली येत राहते, आणि अशा पोलादात सव्वादोनशे अंशांच्या आसपास एकाएकी संपूर्ण जाळी तिरपी सरकू लागते. यात कोणताही अणू आपल्या शेजाऱ्यांना सोडून जात नाही. प्रत्येक जण दोन अणूंमधील अंतरापेक्षाही कमी हलतो, आणि हा बदल धातूतील ध्वनीच्या वेगाशी तुलना करता येईल इतक्या वेगाने पसरतो. कार्बन मात्र होता तिथेच अडकतो आणि जाळीला एकाच दिशेने ताणतो, त्यामुळे घन उभट होतो. या ताणलेल्या जाळीत अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरू शकत नाहीत, आणि यालाच आपण काठिण्य म्हणतो. जर्मन धातुशास्त्रज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून या रूपाला मार्टेन्साइट म्हणतात.

खरेदीशी याचा संबंध असा की ‘वेळ न देणे’ म्हणजे किती, हे पोलादाच्या घटकांवर ठरते. १९३० साली अमेरिकेत डेव्हनपोर्ट आणि बेन यांनी कोणत्या तापमानाला पर्लाइट जमायला किती वेळ लागतो याचा आलेख मांडला. त्यात ५५० अंशांजवळ वक्राचे एक नाक पुढे आलेले दिसते, म्हणजे त्या तापमानाला पर्लाइट सर्वांत लवकर जमू लागते. साध्या कार्बन पोलादात हे नाक सुमारे एका सेकंदावर असते. तेवढ्या वेळात पाते त्याखाली आणायचे तर बहुधा पाणी लागते, आणि मार्टेन्साइट होताना आकारमान सुमारे चार टक्क्यांनी वाढत असल्यामुळे पाण्यात पाते वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते. मँगनीज आणि क्रोमियम यांच्यामुळे पर्लाइट जमायला उशीर लागतो, म्हणजे नाक उजवीकडे सरकते, काही सेकंदांची सवलत मिळते आणि तेल पुरते. साधे खाद्यतेलही ५०-६० अंशांपर्यंत कोमट केले की पातळ होऊन उष्णता लवकर खेचते.

म्हणून घरगुती भट्टी असलेल्याने व्यापाऱ्याकडे ओएचएनएस जातीचे हत्यारी पोलाद मागावे, असे मी सुचवेन. टूलरूममधील, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यातील, कोणालाही हे नाव ठाऊक असते. यात सुमारे ०.९ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास मँगनीज आणि थोडे क्रोमियम व टंगस्टन असते, आणि ते तेलातच कठीण करण्यासाठी बनवलेले असते. बेअरिंगच्या जातीचे ईएन ३१ हा दुसरा पर्याय, फक्त त्याला तापमान अधिक काटेकोर सांभाळावे लागते. ईएन ८ या जातीत कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे सुरीसाठी ते अपुरे आहे, आणि बांधकामाच्या सळईत तर याहूनही कमी असतो. ३०४ जातीचे स्टेनलेस घेऊन फसणारेही पुष्कळ आहेत; त्यातील निकेलमुळे ऑस्टेनाइट नेहमीच्या तापमानालाही टिकून राहते, त्यामुळे ते कितीही तापवून बुडवले तरी कठीण होत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पाते उत्तरेकडे तोंड करून बुडवावे, विशिष्ट प्राण्याच्या मूत्रात बुडवावे, अशा कथा देशोदेशी आहेत. मूत्रातील क्षारांमुळे तापलेल्या धातूभोवती जमणारे वाफेचे आवरण लवकर फुटते, एवढाच त्यातील सत्यांश, आणि तो मिठाच्या पाण्यानेही साधतो. लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांना जाते, त्याला मुहूर्त लागत नाही. चुंबक चिकटेनासा झाल्यावर किंचित अधिक तापवावे, ही भट्टीवरची खरी खूण. ‘डमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पट्ट्याही बहुतेक दोन पोलादांचे थर जोडून केलेल्या असतात. मूळ डमास्कसशी, म्हणजे दक्षिण भारतात पूर्वी मुशीत बनणाऱ्या उक्कू पोलादाशी, त्यांचा संबंध फक्त नक्षीपुरता.

तरीही भंगारच हवे असेल, तर रेल्वेच्या वस्तूंना हात लावू नये, कारण त्या बेकायदा बाळगणे १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. कमानपाट्यात कार्बन बहुधा ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणजे तो कोयत्याला उत्तम आणि बारीक धारेच्या सुरीला बेताचा. शिवाय वर्षानुवर्षे हादरे सोसल्याने त्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. म्हणून आधी बोटभर तुकडा तापवून तेलात बुडवावा. त्यावर कानस घसरली तर तो कठीण झाला असे समजावे, आणि मग तो फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून मोडावा. मोडीचा पृष्ठभाग रेशमी राखाडी दिसला तर ठीक, साखरेसारखे दाणे दिसले तर तापमान जास्त झाले. जस्ताचा मुलामा असलेले काहीही भट्टीत घालू नये; त्याच्या धुराने ताप येतो.

थोडे पोलाद स्वस्तात मिळवण्याचा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एखाद्या एमआयडीसीतील टूलरूम किंवा कळंबोलीसारख्या पोलाद बाजारातील व्यापारी यांच्याकडे ‘कटपीस’ मागणे. मोठी ऑर्डर कापून उरलेले हे तुकडे वजनावर मिळू शकतात आणि त्यांची जात माहीत असते. तीन-चार जणांनी मिळून एकच पट्टी घेतली तर कापणावळ वाटली जाते, आणि हार्डनिंग (पाते कठीण करणे) बाहेरून करून घ्यायचे असेल तर त्याचे किमान शुल्कही. व्यापारी जात ओळखण्यासाठी पट्टीच्या एका टोकाला रंग लावतात, आणि आपल्याला मिळणारा तुकडा अनेकदा दुसऱ्या टोकाचा असतो. म्हणून दुकानातच त्यावर पंचाने जात ठोकून घ्यावी, कारण महिनाभराने गंज चढल्यावर ओएचएनएस आणि ईएन ८ डोळ्यांना सारखेच दिसतात.