तबकडी बिघडलेली नाही: आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

आमची तबकडी पहिल्यांदा लावणाऱ्याला ती सदोष वाटू शकते. सुई एकाच जागी अडकून तेच तेच वाजू लागलं, तर जरूर आणा, बदलून देऊ. सॅक्सोफोन किंचाळतो म्हणून मात्र नाही.

आम्ही फ्री जॅझ आणि मुक्त वादनाच्या एलपी, म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकड्या, काढतो. सूर, लय, कोण कधी थांबणार, यांतलं फारसं काही आधी ठरलेलं नसतं. पेडण्याकडचा दशावतार पाहिलेल्यांना याचं नवल वाटू नये: आख्यान ठरलेलं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. आमच्या काही वादकांना आख्यानही नको असतं.

सुरुवात कुठून करावी? या प्रकाराला ज्यावरून नाव मिळालं, तो सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचा 'फ्री जॅझ' हा अल्बम आमचा नाही, तरीही आधी तोच ऐका. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कला आठ जणांनी सुमारे ३७ मिनिटं सलग वाजवलं. एका बाजूला एवढं मावेना, म्हणून ते दोन बाजूंना विभागलं. चौघे डाव्या स्पीकरमध्ये, चौघे उजव्या. बॅलन्सचं बटण आधी एकीकडे फिरवून ऐका, मग दुसरीकडे, मग मधोमध. गोंगाट वाटणाऱ्या वादनातली सवाल-जबाबाची गंमत तेव्हा कळते.

लंडनमध्ये १९७० साली डेरेक बेली, इव्हान पार्कर आणि टोनी ऑक्सली या वादकांनीच 'इंकस' हे लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी कंपनी, सुरू केलं. काय छापायचं ते वाजवणाऱ्यानं ठरवायचं, ही रीत आम्हीही पाळतो. त्यामुळे खोकला, खुर्चीची करकर काढून टाकत नाही.

एका बाजूला वीसेक मिनिटंच का, असं विचारलं जातं. वेळ वाढवला की खाचा दाटीनं कोराव्या लागतात, आवाज लहान होतो आणि हळू वाजवलेल्या जागा खरखरीत बुडतात. या संगीतात नेमक्या त्याच जागा मोलाच्या.

गोव्याच्या पावसाळ्यात तबकड्या उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका. कागदी पाकिटाला बुरशी लवकर धरते, म्हणून आत प्लास्टिकचं अस्तर देतो. घरात आजोबांच्या वेळच्या नाट्यसंगीताच्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर त्यांना स्पिरिट लावू नका. लाख त्यात विरघळते.