हरिश्चंद्रगड: कोकणकडा, इंद्रवज्र आणि तीन खोऱ्यांचं पाणी

हरिश्चंद्रगड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोकणकडा येतो. पण हा डोंगर समजून घ्यायचा तर आधी पावसाचं पाणी कुठे जातं ते पाहावं. सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण धावते. तिच्यातून पूर्वेकडे जो फाटा फुटतो, त्याला भूगोलात हरिश्चंद्र-बालाघाट रांग म्हणतात, आणि गड आहे तो नेमका या सांध्यावर. रांगेच्या उत्तरेला गोदावरीचं खोरं, दक्षिणेला भीमेचं, पश्चिमेला थेट कोकण.

म्हणून एकाच सरीचं पाणी इथे तीन दिशांना फुटतं. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळून वाहणारी मंगळगंगा पायथ्याच्या पाचनई गावाकडे उतरते. ते पाणी मुळा नदीला, मुळा नेवाशाजवळ प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला मिळते. खिरेश्वराच्या बाजूचं पाणी पिंपळगाव जोगे धरणात साठतं आणि पुढे कुकडी, घोड असं करत भीमेत जातं. कोकणकड्यावरून पायथ्याच्या बेलपाड्याकडे कोसळणारं पाणी मात्र काळू नदीतून उल्हासला मिळतं आणि अरबी समुद्र गाठतं. माथ्यावर काही पावलांच्या अंतराने पडलेल्या दोन थेंबांची वाट अशी कायमची वेगळी होते.

डोंगराची घडण त्याहून कितीतरी जुनी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट पुन्हा पुन्हा पसरले. एक लोट थंड व्हायचा, त्याचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजून माती व्हायची आणि पुढचा लोट त्या मातीला विटेसारखं भाजून काढायचा. सह्याद्रीच्या कड्यांत काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टे दिसतात, ते हेच. काळा बसाल्ट टणक असतो. लाल पट्टा आणि लोटाचा बुडबुड्यांनी भरलेला वरचा भाग त्या मानाने ठिसूळ. शिवाय लाव्हा थंड होताना आकसतो, त्यामुळे थरांना उभ्या भेगा जातात. खालचा ठिसूळ भाग झिजला की वरच्या टणक थराचा आधार सुटतो आणि भेगेच्या रेषेत अख्खी शिळा निखळते. लाखो वर्षं हे चालत आलं म्हणून कडे असे ताठ उभे राहिले. कोकणकडा तर पोटातून आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. कड्याच्या माथ्यापासून बेलपाड्यापर्यंतची उंची हजार मीटरच्या घरात भरते. हे निखळणं आजही थांबलेलं नाही, त्यामुळे काठावर उभं राहून वाकणं धोक्याचं. पाहायचंच असेल तर पालथं झोपून पाहावं, आणि पावसाळ्यात तेही नको.

याच कड्यावरून समोरच्या धुक्यात इंद्रवज्र दिसतं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स याने १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानावरील लेखात त्याचं वर्णन केलं आहे: कोकणातलं धुकं कड्याच्या काठापर्यंत भरून आलेलं, पण पठारावर न सांडलेलं, सूर्य पाठीशी, क्षितिजालगत, आणि समोर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, मधोमध त्याची स्वतःची, घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली. यातली प्रत्येक अट महत्त्वाची आहे. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य पाठीशी हवा तर वेळ सकाळचीच. सूर्यास्ताला कड्यावर गर्दी होते, पण तेव्हा सूर्य समोर असतो. इंद्रवज्र त्या वेळी दिसायचं नाही. धुकं पठारावर चढलं तर ऊन अडतं, फार खाली राहिलं तर सावली पडायला पडदाच उरत नाही.

पाण्याचं गणितही थरांवरच बेतलेलं. वरच्या थराच्या भेगांतून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि बाजूने पाझरतं. ते ओळखणाऱ्यांनी इथे टाकी आणि लेणी कोरली. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात भलं मोठं शिवलिंग उभं आहे. त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच धड उरलाय. भर पावसात गुहेसमोरचा ओढा फुगतो, तेव्हा तिथे जाता येत नाही. चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ याच गडावर रचला.

गडाच्या वाटाही या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेतून निघालेल्या आहेत. राजूरमार्गे पाचनईची वाट सर्वांत सोपी, दोन ते अडीच तासांची. माळशेज रस्त्यावरच्या खुबी फाट्यावरून खिरेश्वर आणि तोलार खिंडीमार्गे चार-पाच तास धरावेत. खिंडीनंतर कातळटप्पा आहे, पण चूक होते ती तो चढून गेल्यावर. तिथून देवळापर्यंत एकासारखी एक टेकाडं लागतात, गुरांच्या वाटा सगळीकडे फुटलेल्या असतात आणि धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही. मग माणूस भलत्याच सोंडेवर उतरतो, भिजलेल्या कपड्यांत वारा लागून गारठतो आणि गारठला की त्याला नीट निर्णय घेता येत नाही. पावसाळ्यात या बाजूने वाटाड्याशिवाय निघू नये. चुकल्याची शंका येताच शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यावं, ओढा धरून खाली उतरू नये. इथले ओढे पुढे कड्यावरून उडी घेतात. उन्हाळ्यात याच वाटेला पाणी नसतं, माणशी तीन लिटर तरी सोबत हवं. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट दोर आणि अनुभव असलेल्यांसाठी आहे, तीही फक्त कोरड्या दिवसांत. वरून सुटलेला दगड नळीत, म्हणजे अरुंद घळीत, बाजूला जात नाही, सरळ खालच्या माणसावर येतो.

१९८६ पासून हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. उतारांवर कारवीचं रान आहे. ती सात वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिची मुळं उतारावरची माती धरून ठेवतात, त्यामुळे फुलोऱ्याच्या वर्षी बी पडायच्या आधी रान तुडवलं गेलं, तर त्या जागी माती धरायला काही उरत नाही.