दहाने भागा: कस्टम एसएनएमपी सेन्सरमागची पार्श्वभूमी

नेटवर्क मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम एसएनएमपी सेन्सर (एसएनएमपी या प्रोटोकॉलने उपकरणाकडून एखादा आकडा मागवणारी, आपण स्वतः लावलेली तपासणी) टाकायला गेलं की जो फॉर्म उघडतो, त्यातल्या ओआयडीच्या (म्हणजे हव्या त्या आकड्याच्या, टिंबांनी जोडलेल्या पत्त्याच्या) रकान्यापाशी सहसा कुणी अडत नाही. मिब (उपकरणाकडून कोणते आकडे मिळतात त्यांची यादी देणारी फाइल) दाखवणाऱ्या ब्राउझरमधून उचलायचा आणि चिकटवायचा. अडतं ते त्याच्या खाली: व्हॅल्यू टाइप, मल्टिप्लिकेशन, डिव्हिजन. यूपीएसच्या बॅटरीचं व्होल्टेज हवं म्हणून १.३.६.१.२.१.३३.१.२.५.० टाकावं, सेव्ह करावं, तर पडद्यावर येतं २१८४. बारा व्होल्टच्या सोळा बॅटऱ्या चार्जिंगवर असतील तर २१८.४ व्होल्ट अगदी योग्य. खरोखर २१८४ असते तर त्या खोलीत पाऊल टाकायची कुणाची हिंमत झाली नसती. मग शेजारच्या टेबलावरून कुणीतरी सांगतं, "अरे, दहाने भाग." भागलं की जमतं, आणि विषय तिथेच मिटतो. हे भागणं आलं कुठून, ते इथे पाहू.

सुरुवातीचा काळ भराभर सांगतो. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये राउटरवर (तेव्हा त्यांना गेटवे म्हणत) नजर ठेवण्यासाठी एक साधा प्रोटोकॉल लिहिला गेला. एप्रिल १९८८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दिशेवर देखरेख करणाऱ्या मंडळाने सुचवलं, की तूर्त याचीच सुधारलेली आवृत्ती वापरा, पुढे आंतरराष्ट्रीय मानकांच्या घराण्यातल्या भारदस्त प्रोटोकॉलकडे जाऊ. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एसएनएमपी कागदावर आला आणि मे १९९० मध्ये आरएफसी ११५७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांक दिलेले तांत्रिक कागद) म्हणून स्थिरावला. भारदस्त पाहुण्यासाठी पाट मांडून ठेवला होता. तो आलाच नाही, आणि तात्पुरता म्हणून आलेला घरजावई झाला.

दशांश चिन्हाचा निकाल याच तात्पुरतेपणाच्या काळात लागला. एसएनएमपीतली माहिती ज्या एएसएन.१ या भाषेत मांडतात, तिच्यात अपूर्णांकासाठी 'रिअल' नावाचा प्रकार होता. एसएनएमपीवाल्यांनी तो घेतला नाही. पूर्णांक, बाइट्सची माळ, ओआयडी, आणि पूर्णांकाचीच पोरंबाळं म्हणावीत असे काउंटर (चढत जाणारा आकडा), गेज (वर-खाली होणारा), टाइमटिक्स (वेळ), एवढ्यावर मुख्य संसार उभा केला. भूमिका स्पष्ट होती: उपकरणातल्या एजंटवर (उत्तर देणाऱ्या प्रोग्रामवर) कमीत कमी बोजा पडावा, जे डोकं चालवायचं ते मॅनेजरने (विचारणाऱ्या सॉफ्टवेअरने) चालवावं. शिवाय मोजायचं तरी काय होतं? पाकिटं, बाइट्स, चुका. अर्धं पाकीट कुणी पाठवत नाही. वेळ हवा असेल तर सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजा, म्हणजे तोही पूर्णांकच.

त्या काळापुरतं हे बिनतोड आहे. या निर्णयाचे समर्थक आजही तेच सांगतात: त्या साधेपणामुळेच प्रिंटरपासून डिझेल जनरेटरच्या कंट्रोलरपर्यंत सगळीकडे एसएनएमपी शिरू शकला. टीका करणारे म्हणतात, की बोजा एजंटवरून उचलला तो मॅनेजरवर ठेवायचा होता, प्रत्यक्षात तो फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर येऊन बसला. मला दुसऱ्या बाजूचं जास्त पटतं, पण कारण थोडं वेगळं आहे. पूर्णांकच पाठवायचा तर पाठवा, पण टिंब कुठे द्यायचं हेही त्याच्यासोबत पाठवायला हवं होतं. तारेवरून येतो नुसता आकडा. तो व्होल्ट आहे की व्होल्टचा दहावा भाग, हे लिहिलेलं असतं मिब फाइलमध्ये, माणसाने वाचण्यासाठी. फाइल हाताशी नसेल तर आकडा मुका.

यावर इलाज झालेच नाहीत असं नाही. १९९३ मध्ये मिब लिहिण्याचे नियम सुधारले तेव्हा 'युनिट्स' हे कलम आलं. 'डिस्प्ले हिंट'चीही सोय झाली: 'डी-१' लिहिलं की उजवीकडून एक घर सोडून टिंब द्यावं, असा संकेत. दोन्ही सूचना फाइलमध्येच राहिल्या, तारेवर आल्या नाहीत. लिहिणाऱ्याने लिहिल्या आणि वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने पाळल्या तरच त्यांचा उपयोग. पुष्कळ कंपन्यांच्या खासगी मिबमध्ये एकक नुसतं वर्णनाच्या वाक्यात कुठेतरी सापडतं. काहींत तेही नाही.

मे १९९४ मध्ये यूपीएससाठी प्रमाणित मिब आली, आरएफसी १६२८. ती उघडून पाहण्यासारखी आहे. इनपुटच्या एकाच ओळीत फ्रिक्वेन्सी हर्ट्झच्या दहाव्या भागात दिली आहे, तिच्या शेजारी व्होल्टेज सरळ व्होल्टमध्ये, त्याच्या शेजारी करंट पुन्हा अँपिअरच्या दहाव्या भागात. म्हणजे आपल्याकडच्या विजेसाठी ४९९, २३१ आणि ८७ असे तीन आकडे आले, तर पहिल्याला आणि तिसऱ्याला दहाने भागायचं, मधल्याला हातही लावायचा नाही. बॅटरीचं व्होल्टेज मात्र दहाव्या भागात. उरलेली मिनिटं थेट मिनिटांत. ज्याने आधी बॅटरीचा सेन्सर लावला तो इनपुटच्या व्होल्टेजलाही सवयीने दहाने भागतो, आणि २३.१ व्होल्ट पाहून इलेक्ट्रिशियनला फोन करतो.

१९९४ मध्ये इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ केबीपीएसची एकच लाइन होती. तिच्यावर किती ताण आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून तिथे एमआरटीजी या आलेख काढणाऱ्या प्रोग्रामचा जन्म झाला. दर पाच मिनिटांनी राउटरला विचारायचं आणि आलेख काढायचा. आजच्या कस्टम सेन्सरचा खरा पूर्वज हाच. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये तयार पोर्टऐवजी आपल्या मनाचा ओआयडी देता येत असे, मात्र जोडीने, कारण आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन रेघा त्याने गृहीत धरलेल्या. तापमानाची एकच रेघ हवी असेल तर तोच ओआयडी दोनदा लिहायचा. दुसरं गृहीतक जास्त छळायचं: आलेला आकडा हा चढत जाणारा काउंटर आहे असं समजून तो त्यातून मागचा आकडा वजा करायचा. खोलीचं तापमान स्थिर असेल तर आलेख शून्यावर झोपलेला. 'ऑप्शन्स'मध्ये 'गेज' लिहिलं की मग तो शहाणा व्हायचा. फॉर्ममधल्या व्हॅल्यू टाइपच्या यादीत आज जे 'गेज' आणि 'डेल्टा' (मागच्या आकड्यापासूनचा फरक) दिसतात, तो प्रश्न इथपासूनचा आहे.

वजाबाकी करताना आणखी एक भानगड निघाली. ३२ बिटांचा काउंटर ४,२९४,९६७,२९५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर त्याला साधारण पावणेसहा मिनिटं लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या पोलिंगला (ठरावीक वेळाने विचारण्याला) जेमतेम पुरतं. एक गिगाबिटला ३४ सेकंदांत चक्र पूर्ण. ६४ बिटांचे काउंटर १९९४ मध्येच पोर्टच्या मिबमध्ये आले, पण एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीला ते वाहून नेता येत नाहीत. त्यासाठी दुसरी आवृत्ती लागते. आणि तिच्या घरातली भांडणं अशी, की १९९३ ची सुरक्षित पण किचकट रचना कुणी स्वीकारली नाही आणि १९९६ मध्ये जुनीच कम्युनिटी स्ट्रिंग (उघडपणे पाठवला जाणारा परवलीचा शब्द) लावून 'व्हीटूसी' काढावी लागली. तिच्या मूळ कागदावर 'प्रायोगिक' असा शिक्का आहे. निम्मं जग अजून त्या प्रयोगावर चाललंय.

पुढचा गुंता शब्दाचा. 'सेन्सर' म्हणजे काय? डिसेंबर २००२ मध्ये आरएफसी ३४३३ आला, त्यात सेन्सर म्हणजे उपकरणाच्या पोटातलं खरंखुरं मोजमापाचं यंत्र: तापमानाचं, पंख्याच्या फेऱ्यांचं, विजेच्या दाबाचं. दुसऱ्याच वर्षी पीआरटीजी हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर बाजारात आलं, आणि त्याच्या शब्दकोशात सेन्सर म्हणजे आपण लावलेली एक तपासणी. पिंग हाही सेन्सर, डिस्कची जागा हाही सेन्सर. याच गोष्टीला त्याच जातीचं झॅबिक्स 'आयटम' म्हणतं, नॅगिऑस 'सर्व्हिस'. नावापुरतं असतं तर सोडून दिलं असतं, पण लायसन्स सेन्सरच्या संख्येवर मोजलं जाऊ लागलं आणि शब्दाला पैशाचं वजन आलं. एका स्विचमध्ये आरएफसीच्या हिशेबाने बारा सेन्सर. ते मॉनिटरिंगमध्ये एकेक करून लावले तर लायसन्समधले बारा जातात. दहा ओआयडी एकाच सेन्सरमध्ये कोंबणारा 'कस्टम अॅडव्हान्स्ड' प्रकार लोकांना इतका प्रिय का, याचं उत्तर तांत्रिक कमी आणि खरेदी विभागाचं जास्त आहे.

आरएफसी ३४३३ चं महत्त्व मात्र या शब्दाच्या गोंधळात झाकलं गेलं. टिंबाचा प्रश्न तिथे सुटला होता. प्रत्येक सेन्सरसाठी एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी चार रकाने आहेत: प्रकार, पट, अचूकता आणि किंमत. प्रकार ८ म्हणजे सेल्सियस, पट ९ म्हणजे मूळ एकक, अचूकता १ म्हणजे एक दशांश स्थळ. मग किंमत २३५ आली तर ती २३.५ अंश. सगळं तारेवरून मिळतं, मिब फाइल शोधायला नको. आणि आपण काय करतो? कस्टम सेन्सरमध्ये फक्त चौथा रकाना मागवतो आणि भागाकार हाताने लिहितो. पुण्यातल्या एका ऑफिसात मी असाच एक सेन्सर लावला होता. फर्मवेअर बदललं, अचूकतेचा रकाना १ वरून ० झाला, उपकरणाने तसं प्रामाणिकपणे सांगितलंही. आमचा सेन्सर मात्र भागत राहिला, आणि सर्व्हर रूम महिनाभर २.४ अंशांवर थंडगार दिसत होती.

तेव्हा महाराष्ट्रात लोडशेडिंगचे दिवस होते. यूपीएसचे सेन्सर हौसेने कुणी लावत नव्हतं. वीज गेल्यावर किती मिनिटं हातात आहेत ते कळणं गरजेचं होतं. त्यामुळे त्या पिढीतल्या ॲडमिन मंडळींना ओआयडीच्या शेपटीचा '.०' आणि दहाचा भागाकार हे पाढ्यासारखे पाठ आहेत. लिनक्सच्या सर्व्हरवरही हाच खेळ: लोड ॲव्हरेज (सर्व्हरवरचा कामाचा सरासरी ताण) एका ओआयडीवर अक्षरांच्या रूपात मिळतं, शेजारच्या ओआयडीवर शंभरपट करून पूर्णांकात. पहिल्यावर गेज लावलं की एरर, दुसऱ्याला शंभराने भागलं की आलेख.

अपूर्णांकाला अधिकृत दार उघडलं ऑगस्ट २०११ मध्ये, आरएफसी ६३४० ने. तेही बाइट्सच्या माळेत गुंडाळून, मागच्या दाराने. तोवर उपकरणं बनवणाऱ्यांना दहापट-शंभरपट करून पाठवायची इतकी सवय झाली होती, की या दारातून आलेले पाहुणे मी स्वतः फारसे पाहिलेले नाहीत.

दरम्यान सुरक्षेच्या बाजूने दबाव वाढत गेला. फेब्रुवारी २००२ मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या गटाने मुद्दाम बिघडवलेली पाकिटं पाठवून असंख्य उपकरणांच्या एसएनएमपीतल्या चुका उघड्या पाडल्या. त्याच वर्षाअखेर तिसरी आवृत्ती पूर्ण मानक ठरली आणि जुन्या दोन्ही इतिहासजमा झाल्या, कागदावर. फॉर्ममध्ये मात्र तिन्ही पर्याय अजून आहेत, कारण भिंतीवरच्या जुन्या यूपीएसचं कार्ड तिसरी आवृत्ती बोलत नाही आणि ते बदलायला कुणी पैसे देत नाही.

मोठ्या नेटवर्कवर आता स्ट्रीमिंग टेलिमेट्री आली आहे. विचारत बसायचं नाही, उपकरणच आकडे ढकलत राहतं, आणि त्यांची मांडणी यँग या भाषेत असते. यँग ऑक्टोबर २०१० ची. तिच्यात 'डेसिमल६४' नावाचा प्रकार आहे आणि दशांश किती घरांचे हे मॉडेलमध्ये सांगणं सक्तीचं आहे. त्याची व्याख्या वाचली तर गंमत वाटते: ६४ बिटांचा एक पूर्णांक, दहाच्या घाताने भागलेला.