–ऊन राहणे
(वऱ्हाडी-नागपुरी संयुक्त क्रियापद)

विदर्भातील बोलींत चालू क्रिया दाखवणारे संयुक्त क्रियापद. प्रमाण मराठीत जेथे ‘जात आहे’ येते, तेथे ‘जाऊन रायला’ असे म्हणतात (लेखनात ‘राह्यला’, ‘राहिला’ हीही रूपे). ऊन-प्रत्ययान्त अव्यय बदलत नाही. लिंग, वचन, पुरुष यांचा विकार फक्त ‘राहणे’ला होतो : ‘बाया कापूस येचून रायल्या’, ‘पानी येऊन रायलं’, ‘मी वावरात जाऊन रायलो’. रूप भूतकाळाचे, अर्थ वर्तमानाचा. भूतकाळ हवा असल्यास ‘होता’ जोडतात : ‘डवरून रायला होता’ (कोळपणी करत होता). ‘मुंबईले जाऊन रायला’ हे वाक्य पुण्याकडच्या श्रोत्याला मुंबईत बिऱ्हाड केल्याचे वाटते. बोलणाऱ्याचा माणूस मात्र अजून वाटेत असतो.

उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्यानुसार हे हिंदीतील ‘जा रहा है’चे अनुकरण होय. इतिहास त्यास अनुकूल आहे : १८६१ मध्ये बनलेल्या मध्य प्रांतात नागपूर हिंदीभाषक जिल्ह्यांसह होते, १९०३ पासून वऱ्हाडही त्याच कारभारात आला आणि हे साहचर्य १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत टिकले. दुसऱ्या मतानुसार ‘बसून राहणे’, ‘पडून राहणे’, ‘धरून राहणे’ ही सर्वत्र रूढ रूपे हेच मूळ. स्थितिदर्शक क्रियापदांचा साचा विदर्भात इतर क्रियापदांनाही लागला. आजच्या हिंदीत ‘रहा’पूर्वी नुसता धातू येतो, विदर्भात ‘ऊन’ कायम आहे, हा मुद्दा येथे महत्त्वाचा. साचा घरचा आणि अर्थाचा विस्तार हिंदीच्या सहवासाने, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

कालनिश्चिती जपूनच करावी लागते. ग्रीअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी व नागपुरीचे नमुने आहेत; पण सर्वेक्षणासाठी ठरवलेला मुख्य उतारा बायबलमधील उधळ्या मुलाच्या दृष्टान्ताचा. त्याचे कथन बहुतेक भूतकाळी असल्याने चालू वर्तमानाला त्यात वाव थोडा. केवळ त्यावरून हे रूप तेव्हा किती रूढ होते, हे ठरवू नये.

नकारात ‘नाही’ बहुधा मध्ये येते : ‘येऊन नाही रायला’. वडीलधाऱ्यांशी बोलताना अनेकवचन : ‘काय करून रायले, मामा?’ ‘जेवाचा रायला’ (जेवायचा राहिला) हे मात्र वेगळे रूप असून त्यात ‘राहणे’चा ‘उरणे’ हा जुना अर्थ आहे.