सोलापुरात लॅन गेमिंग स्पर्धा भरवताना लागणाऱ्या परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रे

सोलापूर शहरात लॅन गेमिंग स्पर्धा, म्हणजे एकाच जागेतील संगणक जोडून खेळायची व्हिडिओ गेमची स्पर्धा भरवायची असेल, तर त्यासाठी एकाच खिडकीवर मिळणारा स्वतंत्र परवाना नाही. सभागृहाचे वाटपपत्र, पोलिसांची परवानगी, अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र, विजेची सोय आणि खेळाच्या मालक कंपनीची संमती हे कागद वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावे लागतात. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे तुम्ही नेमके काय करणार आहात. ‘गेमिंग’ हा शब्द वाचल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर व्हिडिओ गेम पार्लर किंवा पैसे लावून खेळायचे ॲप येते. त्यामुळे सगळ्या अर्जांना जोडायचे एक पानी स्वरूप टिपण आधी तयार करावे, असा माझा आग्रह आहे.

एका सभागृहातील संगणक केबलने एकमेकांना जोडून, संघांनी समोरासमोर बसून, आधी जाहीर केलेल्या नियमांनुसार खेळायची ही स्पर्धा आहे, हे त्या टिपणात सरळ मराठीत लिहावे. खेळांची नावे, संघांची संख्या, एका संघातील खेळाडू, अपेक्षित प्रेक्षक, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, बक्षिसाची रक्कम कोठून येणार आणि खेळाडूंकडून पैसे घेतले जाणार की नाही, एवढे त्यात असले की पुरे. शेवटच्या दोन मुद्द्यांवर अर्जाचे भवितव्य ठरते.

अर्ज कोणी करावा

अर्जदार १८ वर्षे पूर्ण झालेला असावा आणि अर्ज शक्यतो नोंदणीकृत संस्थेच्या नावाने करावा. महाविद्यालयातील स्पर्धेसाठी प्राचार्यांच्या सहीचे पत्र लागते. मंडळ किंवा संस्था असेल, तर नोंदणी प्रमाणपत्र, पदाधिकाऱ्यांची यादी आणि स्पर्धा घेण्याविषयीच्या ठरावाची प्रत जोडावी. गेमिंग कॅफेचा मालक असेल, तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांसाठीची केंद्र सरकारची नोंदणी) आणि दुकानाची नोंदणी दाखवावी. चार मित्रांनी मिळून स्पर्धा घ्यायची ठरवली असेल, तर त्यांच्यापैकी एकाने लेखी जबाबदारी घ्यावी, म्हणजे वाटपपत्र, अनामत रक्कम आणि पोलिसांचे हमीपत्र एकाच नावाने राहते. नावे वेगवेगळी असली की प्रत्येक ठिकाणी खुलासा द्यावा लागतो.

प्रवेश शुल्क आणि बक्षीस

या मुद्द्यावर घाई करू नये. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि विनियमन करणाऱ्या केंद्राच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे किंवा अन्य मोबदला जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे भरून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, हा कायदा बंदी घालतो. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ई-स्पोर्ट्स, म्हणजे ठरलेल्या नियमांनी संघटितपणे खेळायच्या व्हिडिओ गेम स्पर्धा, या बंदीतून वगळलेले आहेत आणि त्यांत केवळ प्रवेशासाठी किंवा प्रशासकीय खर्चासाठी शुल्क घेता येते, तसेच कामगिरीवर आधारित बक्षीसही देता येते. मात्र त्यासाठी कायद्यातील व्याख्येप्रमाणे मान्यता आणि नोंदणी लागते. गल्लीतल्या स्पर्धेला ‘ई-स्पोर्ट्स’ असे नाव दिल्याने ते संरक्षण आपोआप मिळत नाही. कायद्यातील ऑनलाइन खेळाच्या व्याख्येत इंटरनेटबरोबर इलेक्ट्रॉनिक संपर्काची इतर तंत्रेही येतात, त्यामुळे ‘आमची स्पर्धा फक्त लॅनवर आहे’ या युक्तिवादावर विसंबून राहू नये.

म्हणून पहिल्यांदा स्पर्धा भरवणाऱ्यांनी खेळाडूंकडून एक रुपयाही घेऊ नये, बक्षीस प्रायोजकाकडून घ्यावे आणि ‘खेळाडूंकडून शुल्क घेतले जात नाही, कोणत्याही प्रकारची पैज लावली जाणार नाही’ हे वाक्य टिपणात आणि नियमावलीत ठळकपणे छापावे, असे मी सुचवेन. दोनशे-दोनशे रुपये जमवून तीच रक्कम विजेत्याला द्यायची पद्धत मुलांमध्ये रुळलेली आहे, पण ती सरळ सोडून द्यावी, कारण महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियमाच्या चौकटीतही ती अडचणीची ठरू शकते. शुल्क घेणे अपरिहार्यच असेल, तर आधी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. प्रायोजक निवडतानाही हेच भान हवे. पैसे लावून खेळायच्या ॲपची जाहिरात केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्याच कायद्यात आहे, त्यामुळे अशा कंपनीचे नाव मंचामागच्या फलकावरही नको. संगणक विक्रेते, शिकवणी वर्ग आणि चादरी-टॉवेलचे व्यापारी हे सोलापुरातले प्रायोजक पुरेसे आहेत.

जागा आणि तारीख

जागेचे वाटपपत्र हातात आल्याशिवाय पुढचा कोणताही अर्ज करू नये, कारण प्रत्येक अर्जाला त्याची प्रत लागते. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात अंतिम सामना रंगमंचावर घेणे शोभून दिसते, परंतु प्राथमिक फेऱ्यांसाठी टेबले मांडता येतील अशी सपाट मोकळी जागा लागते. त्यामुळे महाविद्यालयाचे सभागृह किंवा विजापूर रस्ता, अक्कलकोट रस्ता या भागांतील मंगल कार्यालय अधिक सोयीचे पडते. तारीख ठरवताना जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रा, एप्रिलमधील जयंती मिरवणुका, आषाढी वारी आणि गणेशोत्सव टाळावेत, कारण त्या काळात पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात आणि अर्ज रेंगाळतात. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि वातानुकूलन यंत्रांचा भार संगणकांच्या भारावर चढतो, म्हणून तो महिनाही टाळलेला बरा.

पोलिसांकडील अर्ज

सभागृह ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, मग ते सदर बझार असो, विजापूर नाका असो की जेलरोड, तिथे किमान महिनाभर आधी अर्ज द्यावा. शहर पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियमन महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार आयुक्तांकडे आहे. अर्जाला स्वरूप टिपण, वाटपपत्र, अर्जदाराचे ओळखपत्र, स्वयंसेवकांची यादी, वाहनतळाचा नकाशा आणि हमीपत्र जोडावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नये. नंतरची सगळी विचारपूस त्या क्रमांकावर होते. शहरात जमावबंदीचा आदेश लागू असेल, तर परवानगीत त्याचा उल्लेख आहे का, तेही पाहावे.

ध्वनिक्षेपकासाठी वेगळी परवानगी मागावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, अपवाद आहे तो बंदिस्त सभागृहाच्या आतल्या वापराचा. शैक्षणिक संस्था, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, त्यामुळे महाविद्यालयातील समालोचनाचा आवाज सभागृहाबाहेर जाता कामा नये. चौकात फलक लावायचे असतील, तर महापालिकेची परवानगी घेऊन तिचा क्रमांक फलकावर छापावा.

वीज आणि अग्निसुरक्षा

मॉनिटरसह एक गेमिंग संगणक सुमारे ४५० वॅट वीज घेतो असे धरले, तर ४० संगणकांना १८ किलोवॅट लागतात, आणि त्यात वातानुकूलन, प्रोजेक्टर व ध्वनियंत्रणा धरलेली नाही. सभागृहाच्या वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. त्या बिलाची प्रत मागून घ्यावी आणि आकडे समोरासमोर मांडावेत. भार अपुरा पडत असेल, तर महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीसाठी अर्ज करावा. त्यासोबत जागेच्या मालकाची संमती आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. दुसरा पर्याय भाड्याच्या जनरेटरचा आहे.

एकूण भार पुरेसा असला, तरी तो वाटला नीट गेला पाहिजे. १६ अँपिअरची एक लाइन २३० व्होल्टवर जास्तीत जास्त ३,६८० वॅट देते आणि तिचा ८० टक्क्यांपर्यंतच वापर करावा, म्हणजे एका लाइनवर सहापेक्षा जास्त संगणक लावू नयेत. चाळीस संगणकांसाठी अशा सात लाइन लागतात. एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड लावून रांग लांबवत नेली की उपांत्य फेरीच्या मध्यावर एमसीबी (जास्त भार आला की वीज आपोआप तोडणारी कळ) पडते आणि दहा खेळाडूंचा सामना वाया जातो. लाइनवार आसनव्यवस्थेचा नकाशा ठेकेदाराच्या सहीने अर्जाला जोडला, तर अग्निशमन विभागाच्या तपासणीतही तोच उपयोगी पडतो.

सभागृहाच्या मालकाकडे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ प्रमाणपत्र असायला हवे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार ते जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा द्यावे लागते, तेव्हा ताजी प्रत आहे याची खात्री करावी. विजेच्या आगीसाठी कार्बन डायऑक्साइडची अग्निशामके ठेवावीत.

खेळाची संमती

खेळाची प्रत विकत घेतली किंवा खेळ मोफत उतरवून घेतला म्हणून त्याची जाहीर स्पर्धा भरवण्याचा हक्क मिळत नाही. काउंटर-स्ट्राइकसाठी व्हॉल्व्ह, व्हॅलोरंटसाठी रायट आणि बीजीएमआयसाठी (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) क्राफ्टन या कंपन्यांनी बाहेरच्या आयोजकांसाठी स्वतःचे नियम प्रसिद्ध केलेले आहेत. ते वाचून, आवश्यक असेल तिथे अर्ज करून, संमतीची छापील प्रत धारिकेत ठेवावी. व्हॅलोरंट आणि बीजीएमआय इंटरनेटशिवाय चालत नाहीत, म्हणून अशा खेळांसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या घ्याव्यात.

खेळाडूंकडून घ्यायची कागदपत्रे

ओळखपत्राची प्रत घेताना आधारचे शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत पुरते. १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी पालकांचे सहीसह संमतीपत्र आणि त्यांचा संपर्क क्रमांक सक्तीचा करावा. खेळाचे नाव आणि घरी परतण्याची वेळ त्या पत्रात स्पष्ट लिहावी, कारण आईवडिलांचा विश्वास मिळाला तरच ही मुले पुढच्या वर्षी येतात. पूर्व भागातील कितीतरी घरांत तेलुगू, तर इतरत्र कन्नड आणि उर्दू बोलली जाते, म्हणून संमतीपत्र मराठीबरोबर त्या भाषांतही छापावे. स्पर्धा गेमिंग कॅफेत असेल, तर सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वापरकर्त्यांची नोंदवही ठेवून ती किमान एक वर्ष जपावी लागते.

स्वतःचा संगणक आणणाऱ्या खेळाडूसाठी प्रवेशद्वारावरच नोंद करावी. कॅबिनेटवर क्रमांकाची चिठ्ठी, तोच क्रमांक खेळाडूच्या मनगटपट्टीवर आणि मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, हेडफोन यांची नावे लिहिलेली दुहेरी पावती, एवढी व्यवस्था असली की जाताना वाद होत नाहीत. पावती दाखवल्याशिवाय कोणताही संगणक दाराबाहेर जाऊ देऊ नये.

विजेत्यांकडून पॅन आणि बँक खात्याचा तपशील घेऊन बक्षीस खात्यातच जमा करावे. खेळातून जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने कर लागतो. बक्षीस १०,००० रुपयांपेक्षा मोठे असेल, तर उद्गम करकपात (टीडीएस) आणि त्यासाठी कर कापणाऱ्याला लागणारा टॅन क्रमांक याबाबत रक्कम जाहीर करण्याआधीच सनदी लेखापालाला विचारावे, म्हणजे कपातीनंतर हातात किती रक्कम पडेल हे नियमावलीतच लिहिता येते.

स्पर्धा संपल्यावर सभागृह स्वच्छ करून ताबा दिल्याची लेखी नोंद घ्यावी, कारण अनामत रक्कम तिच्यावरच परत मिळते. तात्पुरती वीजजोडणी घेतली असेल, तर ती बंद करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. प्रायोजकांना जमाखर्च पाठवून त्याची प्रत परवानग्यांच्या धारिकेत लावावी.